मामांच्या टीव्हीला मागणी

पावती आणि मान, या दोन गोष्टी अजेई फ्रेम्पॉन्ग यांनी उभ्या आयुष्यात कधी हरवल्या नव्हत्या. पाण्याच्या कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्की करून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळाचीही त्यांनी पावती मागून घेतली होती. घड्याळ आठ महिन्यांत बंद पडलं. पावती अजून उत्तम स्थितीत आहे.

तर अशा माणसाच्या हातात मंगळवारी सकाळी त्यांच्या पत्नीने, सेरवाबाईंनी, एक गुलाबी कागद ठेवला. घानातल्या कुमासी शहराच्या अडुम बाजारातल्या चार मजली दुकानाचा. 'जुनं आणा, नवं न्या! जुना टीव्ही, फ्रिज, पंखा, इस्त्री आमच्याकडे द्या आणि त्याच्या किमतीचं कूपन घ्या. कूपन फक्त आमच्याच दुकानात चालेल.'

"वाचलंत?"

"वाचलं. खाली तारीख घातलेली नाही."

"अदवोआचे बाबा, शनिवारी माणसं येतायत."

येणार होती ती अदवोआला मागणी घालायला. मुलगा एबो, किनाऱ्याकडचा, केप कोस्टचा. त्याच्याकडची मंडळी शनिवारी सकाळी श्नॅप्सच्या, म्हणजे रीतीच्या दारूच्या, बाटल्या घेऊन 'दार वाजवायला' येणार होती. म्हणजे लग्नातली पहिली, आणि सगळ्यात तिखट नजरेची भेट. किनाऱ्याकडच्या माणसांबद्दल कुमासीत एकमत आहे. ती अर्धं बोलणं इंग्रजीत करतात, जेवतात काट्याचमच्याने, आणि पाहुणी म्हणून आली की तुमच्या बैठकीच्या खोलीची मनातल्या मनात यादी करून घरी नेतात.

आणि त्या खोलीत होता मामांचा टीव्ही.

लाकडी कपाटातला. खाली चार पाय, पुढे दोन दारं, दारांना कुलूप. मागचा फुगवटा एवढा, की पाठ भिंतीला टेकवली तर पोट खोलीच्या मध्यावर यायचं. फ्रेम्पॉन्ग यांच्या अंतवीमामांनी तो १९९१ साली हँबुर्गहून बोटीने आणवला होता आणि मामा गेल्यावर रीतीप्रमाणे तो भाच्याकडे आला. मामाचं भाच्याला, बापाचं पोराला नव्हे. कुमासीकडच्या अशांती जमातीची पोरं हे पाळण्यातच शिकतात आणि तेव्हापासूनच मामाशी गोड बोलू लागतात.

"त्या हत्तीकडे बघून ती माणसं काय म्हणतील?" सेरवाबाई म्हणाल्या.

"म्हणतील, घर टिकाऊ आहे."

"म्हणतील, या घरातलं सगळंच बरीच वर्षं पडून आहे. पोरगी एकतिशीची आहे आपली, विसरू नका."

हा बाण वर्मी लागला. फ्रेम्पॉन्ग तडक अंगणात गेले आणि अंगणाभोवतीच्या सहाही बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, की शनिवारपर्यंत आपल्या भिंतीवर त्रेचाळीस इंची सपाट टीव्ही लागलेला असेल. ही त्यांची पहिली चूक. हेडक्लार्काने तोंडी काही बोलू नये. लिहून ठेवावं, म्हणजे नंतर फाइल सापडेनाशी करता येते.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. कोपऱ्यातला शिंपी म्हणाला, दुकानवाले आतलं तांबं काढून विकतात, तेव्हा तांबं आधी आपण काढून घ्या. त्याला विचारलं, मग टीव्ही चालेल कसा? तो म्हणाला, तो आता दुकानाचा प्रश्न. केंकी, म्हणजे मक्याचे आंबवलेले गोळे, विकणाऱ्या मावशींनी सांगितलं, नवरी मुलगी आणि विकाऊ लाकूड, दोन्हींना शियाच्या बियांचं लोणी चोळावं. आणि बोलता बोलता चोळलंसुद्धा. टीव्ही असा काही चकाकला, की सेरवाबाईंचंही मन क्षणभर द्रवलं. पण दिवस हरमटानचे. उत्तरेकडून वाळवंटाची धूळ वाऱ्यावर स्वार होऊन घरोघर जेवायला येत असे. संध्याकाळपर्यंत ती सगळी धूळ लोण्याला चिकटली आणि मामांच्या टीव्हीला तांबूस लव फुटली.

दरम्यान सेरवाबाईंनी गवंडी बोलावून नव्या टीव्हीसाठी भिंतीत चार भोकं पाडून घ्यायचं ठरवलं. पहिल्या भोकाला गिलाव्याचा तुकडा पडला, भाकरीएवढा. तो सावरायला दुसरं भोक पाडलं, तेव्हा परातीएवढा पडला. गवंडी म्हणाला, "बाई, आता थांबतो, नाहीतर पुढचं भोक शेजारी निघेल." भिंतीपलीकडच्या बाफूरचा रेडिओ त्या संध्याकाळपासून फारच स्वच्छ ऐकू येऊ लागला. परतीचा रस्ता बंद झाला तो असा. आता त्या भगदाडावर सपाट टीव्ही तरी लागायला हवा होता, नाहीतर किनाऱ्याकडच्या यादीत पहिली नोंद त्याचीच होणार होती.

हा बाफूर पूर्वी लॉरी चालवायचा. आता लग्नात, मयतात, भाऊबंदकीत दुसऱ्यांच्या वतीने बोलायचा. पोक्त माणूस स्वतःच्या तोंडाने सौदा करत नाही. त्याच्यासाठी बोलणारा लागतो. फ्रेम्पॉन्ग यांनी हिशेब मांडला होता. नवा टीव्ही तीन हजार चारशे सेडी, गाठीला तीन हजार. कमी पडणारे चारशे मामांच्या टीव्हीने उभे करायचे होते. एवढ्या मोठ्या कामाला बोलणारा न नेणं म्हणजे अनवाणी दरबारात जाणं.

बुधवारी टॅक्सी केली. मागे टीव्ही आणि त्याला मिठी मारून फ्रेम्पॉन्ग. पुढे ठेवणीतलं कापड खांद्यावर घेतलेला बाफूर. ड्रायव्हरने टीव्हीचं दोन माणसांचं भाडं लावलं.

"तो बसलाय एकाच जागेवर," फ्रेम्पॉन्ग म्हणाले.

"काका, माझी सासूही एकाच जागेवर बसते. तिचंही दोघांचंच घेतो."

दुकानात जुन्या मालाच्या खिडकीशी पोकुआ नावाची चुणचुणीत मुलगी बसली होती. "नाव?" तिने विचारलं.

"आधी पाणी," बाफूर म्हणाला.

"काय?"

"पाहुणे आले की आधी बसायला द्यायचं, मग पाणी, मग विचारायचं, येणं कसं केलंत. मग मी सांगणार. तुझ्या आजीने शिकवलं नाही का, पोरी?"

पोकुआला आजीने शिकवलं होतं. ती ओशाळून उठली, दोन स्टुलं आणि पाण्याच्या तीन पिशव्या घेऊन आली. (तिसरी टीव्हीसाठी की काय, हे कुणी विचारलं नाही.) मागे रांगेत इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण रीत पाळली जात असताना मध्ये बोलायची कुणाची छाती?

पाणी झाल्यावर पोकुआने मशीनमध्ये काहीबाही भरलं. "एकशे ऐंशी सेडींचं कूपन."

"एकशे ऐंशी!" फ्रेम्पॉन्ग यांच्या हातातली पिशवी फुटली.

"मशीनच ठरवतं, काका. वयावर असतं."

"वयाबरोबर वाढतं की घटतं?"

"घटतं."

निवृत्त माणसाला हे जरा आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटलं.

"पण मूळ पावती असेल तर दुप्पट मिळतं," पोकुआ म्हणाली. तिच्या आवाजात, पावती असणार नाही, याची खात्री होती.

फ्रेम्पॉन्ग यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून घडी. चौतीस वर्षांची जर्मन पावती, शिक्क्यासकट. रांगेतल्या लोकांनी माना पुढे केल्या. इस्त्रीवाल्या बाई तर "अरे देवा" म्हणाल्या. फ्रेम्पॉन्ग यांना वाटलं, एकतीस वर्षांची नोकरी याच क्षणासाठी होती.

आणि बाफूरला वाटलं, हीच वेळ आहे. तो उठला, कापड सावरलं, आणि खड्या आवाजात बोलू लागला. "हा टीव्ही असा तसा समजू नका! हा समुद्र ओलांडून आला! अंतवी नावाच्या सिंहाने तो आणला, हँबुर्गच्या थंडीत जहाजं घासून! मँपॉन्गच्या नामांकित कुळातला सिंह! या कुळाचा हा दागिना आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोकुआने टाइप करणं थांबवलं.

"काका, पावतीवर नाव अंतवी आहे. म्हणजे टीव्ही कुळाचा."

"कुळाचाच!" बाफूर गरजला.

"मग विकताय कसे तुम्ही? कुलप्रमुखांचं पत्र कुठाय? मामाचा माल कुळाच्या परवानगीवाचून घेतला तर माझी आजी मला घरात घेणार नाही."

बाफूर खाली बसला. इतकं छान बोलून इतकं नुकसान त्याने लॉरी चालवतानाही कधी केलं नव्हतं. टीव्ही पुन्हा टॅक्सीने नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो दुकानात ठेवला. ठेवल्याची पावती फ्रेम्पॉन्ग यांनी घेतली, हे सांगायला नकोच.

गुरुवारी ते कुळाच्या गावी, मँपॉन्गला गेले. कुलप्रमुख बोआदी यांच्याकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. श्नॅप्सच्या दोन बाटल्या, एकशे नव्वद सेडी. कूपन दुप्पट धरलं तरी तीनशे साठ. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला होता, पण अजून नाक शाबूत होतं.

बोआदींनी बाटल्या घेतल्या, चार म्हाताऱ्यांना हाक मारली आणि सगळं ऐकून घेतलं.

"भाच्या, टीव्ही आत्ता कुठाय?"

"दुकानात, नाना."

"दुकानदाराने तुझ्या घरी येऊन दार वाजवलं?"

"नाही."

"बाटली पाठवली?"

"नाही. पाणी दिलं. तेही मागितल्यावर."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुझ्या पोरीला मागायला लोक केप कोस्टहून येतायत, बाटल्या घेऊन, वाकून," बोआदी म्हणाले, "आणि अंतवीचा टीव्ही तू स्वतः टॅक्सीत घालून नेऊन दिलास? न मागता? तो काय पळून गेलेली मुलगी आहे?"

फ्रेम्पॉन्ग यांनी सवयीने खिसा चाचपला. याचं उत्तर कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नव्हतं.

"आधी घरी आण. शनिवारी आम्ही पाचही जण येतो. चालतो का ते बघू, मग परवानगीचं बोलू."

"शनिवारी? नाना, शनिवारी तर..."

"ठाऊक आहे. आठ वाजता येतो. म्हणजे भाडं एकदाच पडेल."

शुक्रवारी फ्रेम्पॉन्ग आणि बाफूर दुकानाशी पोचले, तो दारात ही गर्दी. दर्शनी काचेत मामांचा टीव्ही मांडला होता. शेजारी त्रेचाळीस इंची सपाट. सपाटवर पाटी होती, 'आज'. मामांच्या टीव्हीवर पाटी होती, 'यातून सुटका करून घ्या!' दोन्हींवर एकच फुटबॉलचा सामना चालू होता. आणि गर्दी सगळी 'सुटके'पुढे होती.

"दारं बघ, दारं! कुलूप आहे रे!"

"माझ्या आजोबांकडे असाच होता. विकला मूर्खाने."

"हा केवढ्याला म्हणे?"

फ्रेम्पॉन्ग यांनी ती पाटी दोनदा वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत गेल्यावर पोकुआने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर दोन्ही हात चोळत आला. काल दुपारपासून गिऱ्हाईक हटत नाहीये, म्हणाला. टीव्ही काचेतच ठेवायचाय. पत्रबित्र नको, सहाशेचं कूपन देतो.

सहाशे! चारशेच तर हवे होते. भिंतीतलं भगदाड फ्रेम्पॉन्ग यांच्या डोळ्यांपुढे आलं, त्यावर सपाट टीव्ही लागला, सेरवाबाई हसल्या. त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं. पाटीची मागची बाजू दिसत होती.

"नाही," ते म्हणाले.

"नऊशे."

बाफूरने त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. "नाही."

"बाराशे, काका. जगात कुणी देणार नाही."

"मशीन काय म्हणतं?" फ्रेम्पॉन्ग यांनी विचारलं. "वयाबरोबर घटतं ना?" मॅनेजर पुन्हा हात चोळू लागला. "मग नाही."

मॅनेजर चौथा आकडा काढायला तोंड उघडणार, इतक्यात बाफूर पुढे झाला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच कामाचं बोलला. "साहेब, आमच्याकडे मुलीला तीनदा विचारतात. तीनदा विचारलंत, तीनदा उत्तर मिळालं. चौथ्यांदा विचारणारा बेअदब."

पोकुआने गुपचूप पाटी काढली आणि टीव्हीवरची लव स्वतःच्या रुमालाने पुसली. टॅक्सी तीच मिळाली. ड्रायव्हरने या खेपेला एकाच माणसाचं भाडं घेतलं. म्हणाला, "परत येणाऱ्याकडून जास्त घेत नाही."

घरी सेरवाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, भगदाडाकडे पाहिलं. "किती देत होते?"

"बाराशे."

बाईंनी आपली लग्नातली लोखंडी पेटी ओढत भिंतीशी नेली. तिच्यावर टीव्ही चढवला तर भगदाड बरोबर झाकलं जात होतं. मग पेटीतूनच निघालेलं आपलं लग्नातलं रंगीबेरंगी, हातमागाचं केंटे वस्त्र त्यांनी टीव्हीवर घातलं, असं की पाय, पेटी, फुगवटा काही दिसू नये. "निदान दिसायला तर नको," त्या म्हणाल्या.

शनिवारी आठला मँपॉन्गचे पाच म्हातारे आले. टीव्ही चालतो हे दाखवायला फ्रेम्पॉन्ग यांनी वस्त्राखाली हात घालून बटण दाबलं, आणि नेमकी त्याच क्षणी अख्ख्या गल्लीची वीज गेली. "येईल," बोआदी म्हणाले, आणि पाचही जण टीव्हीसमोर ओळीने, काठ्या गुडघ्यात धरून, वाट बघत बसले.

किनाऱ्याकडची माणसं नऊला यायची होती. ती पावणेनऊला आली. तेही त्यांच्या वाईट सवयींपैकीच. पुढे त्यांच्या वतीने बोलणारे ईशुनसाहेब, निवृत्त शाळातपासनीस, कडक इस्त्रीतले. मागे आठ जण, सर्वांत मागे घामाघूम एबो. ईशुनसाहेब उंबऱ्यात आले आणि थबकले.

अंधुक खोली. उंचावर केंटे वस्त्राने झाकलेलं काहीतरी. त्याच्यापुढे पाच वृद्ध, निःशब्द. अशांतींच्या घरी पूर्वजांचं आसन झाकून ठेवतात आणि त्यापुढे अनवाणी वाकायचं असतं, हे त्यांनी ऐकलेलं होतं, आणि कुमासीत येऊन चुकायचं नाही असं त्यांनी रस्ताभर सगळ्यांना बजावलं होतं.

त्यांनी सपाता काढल्या. खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवलं. मागच्या पुरुषांनीही तसंच केलं, बायकांनी नुसत्या सपाता काढल्या. आणि ईशुनसाहेब त्या वस्त्रापुढे खाली वाकले.

बोआदींनी बाफूरकडे पाहिलं. बाफूरने फ्रेम्पॉन्ग यांच्याकडे पाहिलं. फ्रेम्पॉन्ग यांनी छताकडे पाहिलं.

"क्षमा असावी," ईशुनसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. "एवढं थोर कुणी बैठकीला असेल, याची कल्पना नव्हती. ही आठवण कुणाची?"

"माझ्या अंतवीमामांची," फ्रेम्पॉन्ग म्हणाले. त्यांच्या नोकरीतल्या कुठल्याही नोंदीइतकं ते खरं होतं.

तेवढ्यात वीज आली. वस्त्राखालून 'टक' झालं, आणि मग पोटातून यावा तसा एक दमदार हुंकार उमटला: 'धुंऽऽऽ!'

एबो दोन पावलं मागे गेला. फ्रेम्पॉन्ग यांनी चेहऱ्यावरची घडी न मोडता पायाचा अंगठा भिंतीशी नेला आणि खालचं विजेचं बटण दाबलं. हुंकार विरला.

"ऐकलं त्यांनी," बाफूर गंभीरपणे म्हणाला. "पुढे बोला."

ईशुनसाहेबांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. मग मागे वळून कुजबुजले, आणि आणखी एक बाटली आणवून त्यांनी ती स्वतः वस्त्रापाशी ठेवली. "आणि ही त्यांच्यासाठी."

बोआदींचे डोळे पाणावले. "भाच्या," ते फ्रेम्पॉन्ग यांच्या कानाशी म्हणाले, "शेवटी कुणीतरी रीतसर मागितलं."

अदवोआला आत बोलावलं. वडिलांनी तीनदा विचारलं, या बाटल्या ठेवून घेऊ का? तिने अंगावरच्या कापडाचं टोक दातात घट्ट धरलं होतं, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीनदा ती "हो" म्हणाली. किनाऱ्याकडच्या बायका म्हणाल्या, किती हळवी मुलगी! फ्रेम्पॉन्ग यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळीने बसलेल्या आपल्या पाच म्हाताऱ्यांकडे पाहिलं, अनवाणी उभ्या असलेल्या व्याह्यांकडे पाहिलं. त्यांना आपली छाती सदऱ्यात मावेनाशी वाटली. बाराशे सेडींत हे कुठल्याही मजल्यावर मिळालं नसतं.

पाहुणे गेल्यावर बोआदींनी काठी आपटली. "बाटली आली, रीत झाली. कुळाची परवानगी आहे. आता टीव्ही कुठं न्यायचा तिथं ने."

"न्या तर खरं!" सेरवाबाई कडाडल्या. "व्याही परत आले आणि विचारलं, मामा कुठे गेले, तर काय सांगू? अडुमला काचेत बसलेत?"

तेव्हा जुनं देऊन नवं घेणं फायद्याचं की तोट्याचं, असं अंगणात आजही कुणी विचारलं, तर फ्रेम्पॉन्ग बोटांवर मोजून जमाखर्च सांगतात. टॅक्सी दोनदा, बाटल्या दोन, गिलावा परातभर. जमेला बाटली एक आणि जावई एक. मग मान ताठ करून म्हणतात, "फायद्याचं. मात्र द्यायचं नाही." तोट्याची फक्त एक बाब ते सांगत नाहीत. लग्नानंतर व्याही दर महिन्याला येतात, सपाता काढून वस्त्रापुढे वाकतात आणि दोन दोन दिवस राहतात. आणि त्या दोन दिवसांत सामना असला, तरी मामांवरचं वस्त्र उचलता येत नाही, म्हणून फ्रेम्पॉन्ग "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठतात, आणि बाफूरच्या खोलीत, भिंतीपलीकडे, त्याच भगदाडाला कान लावून कुणी उठलंबिठलं नाही ना याची खात्री करत, त्याचा रेडिओ ऐकत बसतात.